दारवाली सून

तुझ्याकडच्या कॅलेंडरप्रमाणे पाचव्या महिन्याची अखेर. इथे येणारं प्रत्येक जहाज आपापली तारीख घेऊन येतं, त्यामुळे तारखेवर कुणाचं एकमत नाही.

ती. अक्कास,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, तुझा भाचाही बरा आहे. परतीच्या जहाजातून मी उतरले नाही म्हणून तू चिडली असशील, आणि चिडलीस की जेवत नाहीस, हेही मला ठाऊक आहे. आधी जेव, मग हे वाच.

अक्षर माझं नाही, हे तू बघताक्षणी ओळखलं असशील. हाताला जरा थरथर आहे, म्हणून मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय. तिला ताकीद दिली आहे की मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, स्वतःबद्दलचं असलं तरी. निघताना तू मला बजावलं होतंस, "पोराला घेऊन ये, आणि त्या बाईला तिथेच राहू दे." हेसुद्धा मी तिला लिहायला लावलं. तिने लिहिलं आणि म्हणाली, "पुढे?"

तर पुढे ऐक. हे ठिकाण म्हणजे आभाळात गरगरणारं एक अवाढव्य चाक आहे. चाकाच्या आतल्या अंगाने बाजार आहे, एकच लांब गल्ली, आणि ती दोन्हीकडे वर चढत जाते. समोरून येणारा माणूस उतारावरून घसरत आपल्या अंगावर येतोय असं वाटतं. पहिले काही दिवस मी भिंत धरूनच चालत होते. आपल्या बाजूची जहाजं कापड, यंत्रं, औषधं आणतात. पलीकडच्या खाणींवरून धातू आणि बर्फ येतो. सगळ्या मालाची अदलाबदल इथे. आपलं सरकार म्हणतं हे आमच्या हद्दीत नाही, खाणवाले म्हणतात आमच्याही नाही. त्यामुळे इथे पोलीस नाही, कोर्ट नाही, कुणाची सही नाही की शिक्का नाही.

आल्या आल्या बाजारात दोन माणसं एका पंपावरून हातघाईवर आली. एकाने कमरेचा चाकू काढला. मी म्हटलं, अहो, पोलिसांना बोलवा. लोक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पाऊस पाडा म्हणाले. तेवढ्यात छतावरच्या कर्ण्यातून एका बाईचा शांत आवाज आला, "पंपवाले, तुमचं जहाज उद्या दाराशी लागतंय ना?" बस. एवढंच. चाकू कमरेला गेला आणि दोघंही पंपाची दोन टोकं धरून चालू लागले. शेजारचा दोरखंडवाला मला म्हणाला, "दारवाली आहे ती. तिच्याशी वाकडं घेऊन चालत नाही."

तिचा नवरा कोण हेही त्याने सांगितलं, तेव्हा मला कळलं की ही दारवाली म्हणजे आपली सून.

तुझ्या भाच्याने आपल्याला फक्त "ती गोदीत काम करते" एवढंच कळवलं होतं. तो स्वतः तिथे क्रेन चालवतो. ती काय करते हे सांगायला त्याला संकोच वाटला की अभिमान, कोण जाणे. इथे जहाजाला आत यायचं तर दोन दारं लागतात. बाहेरचं दार उघडून माणसं मधल्या खोलीत येतात. ती खोली आपल्या इस्पितळाच्या वॉर्डाएवढी असेल. मग बाहेरचं बंद झालं की आतलं उघडतं. दोन्ही दारांच्या दांड्या एका काचेच्या केबिनमध्ये, आणि केबिनमध्ये ही. प्रत्येक कप्तानाला मधल्या खोलीत बसून हिच्याबरोबर चहा प्यावा लागतो. ती फारसं बोलत नाही, समोरच्याला बोलू देते. ज्याने आत येऊन कुणावर हात उचलला त्याला पुन्हा दार मिळत नाही, आणि इथून पुढचं असं ठिकाण काही महिन्यांच्या प्रवासावर. तिला हे कुणी नेमून दिलेलं नाही. आधीची दारवाली म्हातारी झाली, तिने हिला खुर्चीवर बसवलं, आणि लोकांनी ते मानलं. कायदा नसलेल्या या गावात रांग मात्र मी आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीपेक्षा सरळ पाहिली.

(ती म्हणते, पुरे झालं कौतुक. मी म्हणते, लिही.)

आता खरी गोष्ट. खाणींवरून एक जहाज आलं, माणसांनी भरलेलं. बायका, म्हातारे, लहान मुलं. खाण बंद पडली म्हणून निघालेले लोक, आणि वाटेत तापाची साथ लागलेली. त्यांचं हवेचं यंत्र अर्धं निकामी झालं होतं. दार उघडा, एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

बातमी पसरली आणि सगळा बाजार केबिनसमोर जमा झाला. पुढे गेंडा, सगळे त्याला असंच म्हणतात. तो इथला सगळ्यात मोठा गोदामवाला, मान अशी की सदरा गळ्याशी कधी लागत नाही. तो म्हणाला, "ताप आत आला तर एक जहाज इथे फिरकणार नाही. आणि आपण काय मरायचं?" खोटं नव्हतं ते, अक्का. तुझा भाचाही त्याच बाजूचा. माझ्याकडे येऊन म्हणाला, "आई, तू तरी हिला समजाव. एका जहाजासाठी सगळं गाव पणाला लावायचं नसतं."

मी केबिनमध्ये गेले. समजवायलाच गेले होते. ही रेडिओवरून त्या जहाजाशी बोलत होती, आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही तापाच्या वॉर्डात सिस्टर होता ना? त्यांना काय विचारायचं ते विचारा." मग मी विचारलं. पुरळ कुठे, जीभ कशी, पाणी कुठलं प्यायलात. ऐकून मला वाटलं की हा ताप पाण्यातून आणि शिवाशिवीतून येणारा असावा, श्वासातून नव्हे. पण खात्री नव्हती, आणि तसं मी सगळ्यांसमोर सांगितलं.

ती म्हणाली, "मग मी फक्त बाहेरचं दार उघडते. ते मधल्या खोलीत राहतील, आपली हवा घेतील. आतलं दार साथ संपेपर्यंत बंद."

गेंडा म्हणाला, "आणि त्यांना बघणार कोण?"

"मी जाते," ती उठत म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली की दांडीवर दुसऱ्या कुणाचा हात पडणार, हे त्या गर्दीत सगळ्यांना कळत होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. म्हटलं, "दार तू सांभाळ. माणसं मी सांभाळते." ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "सूनबाई, सासूचं ऐकायचं असतं." तिला सूनबाई म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ.

तुझा भाचा केबिनच्या दाराला पाठ लावून उभा राहिला, तोंड गर्दीकडे. मोठ्याने म्हणाला, "माझं मत अजून तेच आहे. हिने दार उघडू नये. पण तिच्या केबिनमध्ये शिरायचं असेल तर आधी मला बाजूला करा." त्याला लहानपणी साध्या भांडणातही बाजू घेता येत नसे, आठवतं ना? कुणी पुढे आलं नाही.

आत जे झालं ते तुला काय सांगू. काम होतं, ते केलं. पाणी उकळायचं, चादरी उकळायच्या, पाजायचं, पुसायचं. काही माणसं गेली, बरीच वाचली. एका म्हातारबाबांनी जाताना माझं नाव विचारलं आणि ऐकायच्या आत डोळे मिटले. सूनबाई केबिनच्या काचेतून माझ्याशी बोलत राहायची. मी दमले की म्हणायची, "आई, आता बसा." बसले नाही तर दिवे मंद करायची. मालाच्या खिडकीतून चादरींचे गठ्ठे, औषधाच्या पेट्या आत येऊ लागल्या. कुणी पाठवलं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "नाव सांगू नका म्हणालाय. मान जाड आहे एवढंच सांगते."

शेवटी शेवटी मलाही थोडा ताप आला. उतरला. म्हणून ही थरथर. काळजीचं काही नाही. जरा पडते आता, उरलेलं मग सांगेन.

*

मावशी, आई झोपल्या आहेत. हे मी माझ्या मनाने लिहितेय.

हाताची थरथर केव्हाच गेली. आईंना दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ताप डोक्यात चढला होता.

ताप आल्यावरही त्यांनी मला सांगितलं नाही. भिंतीला टेकून टेकून एका अंथरुणावरून दुसऱ्यावर जात राहिल्या. एकदा पाण्याचं भांडं हातातून पडलं आणि त्या उचलायला वाकल्या त्या उठल्याच नाहीत. मी तेव्हा दांडी ह्यांच्या हातात दिली, मालाच्या खिडकीतून आत गेले आणि साथ संपेपर्यंत तिथेच राहिले. दार सोडून मी कधी उठले नव्हते. मधल्या खोलीतल्या लोकांनी आईंची कूस बदलण्यासाठी पाळ्या लावल्या. ज्यांना स्वतःला उभं राहता येत नव्हतं तेही पाळीला आले. गेंडा रोज काचेपाशी येऊन विचारायचा, "बाई बोलल्या का?"

तुमच्याकडे मोठे डॉक्टर आहेत. मी आईंना म्हटलं, चला, मी घेऊन जाते, दार दुसरं कुणी बघेल. त्या नको म्हणाल्या. अक्काला यातलं कळवायचं नाही, असंही म्हणाल्या. पण तुम्ही त्यांची मोठी बहीण. तुम्हाला माहीत असायला हवं. त्यांना आत मी पाठवलं नव्हतं, पण त्या माझ्यासाठी आत गेल्या. तुम्ही मला जे बोलाल ते मी ऐकून घेईन.

*

अक्का, मी परत सांगतेय. झोप छान झाली.

उठल्यावर मी म्हटलं, आत्तापर्यंतचं सगळं वाचून दाखव. तिने सुरुवातीपासून वाचलं. माझं संपलं, आणि आवाज जराही न बदलता तिने स्वतःचंही वाचलं. गाळलं असतं तर मला काय कळणार होतं? पान चाचपून शाई वाचता येत नाही. ती मात्र वाचत राहिली आणि संपल्यावर म्हणाली, "खोडायचं असेल तर खोडते."

मी पान हातात घेतलं आणि तिला परत दिलं. मग म्हटलं, "राहू दे." लोक हिच्या हाती जीव का सोपवतात ते मला तेव्हा पुरतं कळलं.

आता कळलंच आहे तर रडत बसू नकोस. ते लोक मधल्या खोलीतून बाहेर आले, बाजारात कामाला लागले. जहाजंही येतात, थोडी कमी, पण येतात. मीही रिकामी नाही. कप्तान चहाला बसतात तेव्हा सूनबाई मला शेजारी बसवते. ती चेहरे बघते, मी आवाज ऐकते. नंतर दोघी बोलतो आणि मगच आतलं दार उघडतं. परवा एका कप्तानाचा घसा ऐकून मी त्याला आधी औषध घ्यायला लावलं. गोदीत मला आता सगळे सिस्टरच म्हणतात. वॉर्डातून निवृत्त झाल्यापासून तशी हाक कुणी मारली नव्हती.

मला दिसत नाही म्हणून मी इथे अडकलेले नाही, हे नीट लक्षात घे. दिसत असतं तरी हेच लिहिलं असतं.

माझी खोली माझ्यासाठी बंद ठेवू नकोस. पलंग खिडकीशी ओढ आणि तुझ्या नातीला तिथे अभ्यासाला बसव, तिला स्वयंपाकघरातल्या गलक्यात काही सुचत नाही. माझ्या साड्या तुला आवडतील त्या तू घे. आणि मनात आलं तर एकदा इकडे ये. मधल्या खोलीत तुलाही चहा प्यावा लागेल, त्यातून बहिणीलासुद्धा सूट नाही.

खालची सही माझी आहे. सूनबाईने माझं बोट कागदावर टेकवून जागा दाखवली, बाकी मीच केली. वाकडी झाली असली तरी तू ओळखशील.

तुझी,
धाकटी