गोधडी नळदुर्गला राहिली त्याबद्दल

तामलवाडी, सोमवार

तीर्थस्वरूप नीलम्मा काकूंच्या पायांवर योगीराजचं डोकं. (ते सध्या ठिकाणावर नाही, पण आहे ते हेच.) तुमचा गुडघा, काकांचा खोकला आणि गाभण म्हैस, तिन्ही नीट असतील अशी आशा करतो. इकडं आई आणि बा बरे आहेत. माझं विचारू नका. फोनच केला असता, पण तुमचा फोन काका स्पीकरवर लावतात आणि मग मुरूमची अख्खी गल्ली माझी खुशाली विचारते. म्हणून हे पत्र रणधीरच्या हाती देतोय. तो पिकअप घेऊन तुमच्याकडंच निघालाय आणि बाहेर सारखा हॉर्न वाजवतोय. तो हॉर्न उपटून त्याच्या हातात द्यावा असं मघाशी वाटलं होतं, पण पत्र त्यालाच न्यायचंय, म्हणून राग गिळला.

तर काकू, नळदुर्गला हणमंतप्पांचं भुसार दुकान आहे, त्यांची शिवप्रिया सोलापूरला चित्रकला शिकते. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं (सरांनी भर वर्गात माझ्या केसांवर शेरा मारला, मग मी थांबलो नाही) आणि आता हायवेला रेडियमच्या दुकानात गाड्यांवर नावं चिकटवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. ती स्कूटीवर नाव टाकायला आली होती. त्या नावातल्या ‘प्रि’ला मी इतका वेळ लावला की मालकानं विचारलं, देऊळ बांधतोयस का. तेव्हापासून बोलणं आहे. मध्यंतरी ती म्हणाली, तुझ्या आवडत्या कलाकृती सांग, वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या माध्यमांतल्या, कॉलेजात मांडायच्यात. मी म्हणालो, माझं माध्यम मराठी. ती एवढी हसली की मला घाम फुटला. वर तिनं सांगितलं की वर्गातल्या कुलदीपनं परदेशातली चित्रं धडाधड सांगितली. काकू, त्या कुलदीपनं सोलापूरच्या पुढचं स्टेशन बघितलेलं नाही. मी तिथंच ठरवलं, आपण सांगू ते डोळ्यांनी बघितलेलंच सांगू.

पहिल्यांदा तेरला गेलो. तिथल्या संग्रहालयात काचेत भाजक्या मातीची एक बाई आहे, वीतभरसुद्धा नाही, दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणे. नाक उडालंय, पण उभी अशी की कुणीतरी उशिरा येणार आहे आणि आला की त्याचं काही खरं नाही. मी बघतच राहिलो. शेजारचा एक पाहुणा म्हणाला, हिला नाकच नाही. मी म्हणालो, तुम्हाला आहे, त्याचा काय उपयोग झाला? वॉचमननं आम्हा दोघांनाही बाहेरची हवा दाखवली. मग ढोकी. कारखान्याच्या रांगेत एका उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मोर काढलेला. पिसारा फळीबाहेर जाईल म्हणून पेंटरनं मोराची मान मागं वळवलीय, आणि तो ‘एवढा सगळा माझाच का’ अशा तोंडानं पिसाऱ्याकडं बघतोय. त्याच्यावर चिखल उडाला होता, तो मी माझ्या शर्टानं पुसायला लागलो. ड्रायव्हरला वाटलं, ऊस ओढतोय. कॉलर त्यानंही धरली, मीही धरली. मग त्याला माझा शर्ट दिसला आणि मोर दिसला, आणि त्यानं एक ऊस मोडून माझ्या हातात दिला. (तो मी शिवप्रियासाठी ठेवला होता. बानं खाल्ला.) नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल तर तुम्ही बघितलाय. बंधाऱ्याच्या पोटात दगडी सज्जा, आत कोरडं बसायचं आणि समोर पडदा पाण्याचा. पण तो तिला काय सांगणार? ढोकीला साखर विकायला नेण्यासारखं ते.

राहिलं आपल्या घरातलं. आईनं औंदा नवी गोधडी शिवली. त्यात तिचं लग्नातलं लुगडं आहे, बाचा फेटा आहे, आणि मधोमध माझा कॉलेजचा गणवेश आहे. आई म्हणाली, तुझं कॉलेज डोक्यात न्हाय गेलं, आता निदान पाठीखाली तरी राहील. पण काकू, तिचे टाके बघा तुम्ही. गणवेशापाशी आल्यावर ते इतके बारीक झालेत की मला ती गोधडी अंगावर घेववत नाही.

ती गाडीला बांधून मी नळदुर्गला गेलो. हणमंतप्पा दारातच होते. गोधडीकडं बघून म्हणाले, “अंथरूण घेऊनच आलास? किती दिवस राहायचंय?” मी दोरीची सुटलेली गाठ पुन्हा सोडत बसलो. शेवटी शिवप्रिया आली, तिनं गोधडी ओसरीवर पसरली आणि टाक्यांवरून बोटं फिरवत राहिली. तेरची बाई सांगितली, मोर सांगितला. तिनं विचारलं, “आणि सगळ्यात आवडती?” उत्तर मी वाटेत पाठ केलं होतं, गोधडी. तोंडातून निघालं,

“तू.”

आत तिच्या आईच्या, चन्नम्मांच्या, हातातलं झाकण पडलं. शिवप्रियाचे कान लाल झाले. ती म्हणाली, “होगो.”

काकू, मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. घरी येऊन आईला सांगितलं, हो म्हणाली. आईनं देवीला खणनारळ कबूल केला. आणि काल हा रणधीर म्हणतो, होगो म्हणजे कानडीत चालता हो, मला कर्नाटकातल्या नाक्यावर रोज म्हणतात. मी त्याची मान धरली, पण भाषा काय त्यानं केलेली नाही. आता यात माझी चूक कुठं आहे सांगा. लहानपणापासून ऐकतोय, काका तुमच्या स्वैपाकघरात येऊन काहीतरी म्हणतात, तुम्ही हसून ‘होगो’ म्हणता, आणि काका पाट ओढून तिथंच बसतात. (तुमच्या कानडी माहेरी नवऱ्याला असं म्हणत नाहीत म्हणे, पण तुमचं लग्न प्रेमाचं.) होगो म्हणजे हो, हे मी तुमच्याच घरात शिकलो. नसेल तर काका अजून तिथं कसे?

तुमचाच,
योगीराज

ता. क. तुमच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलंय. रणधीर ते विसरणार, मागून घ्या.

ता. क. गोधडी तिच्याकडंच राहिली. चालता हो म्हणणारी माणसं गोधडी ठेवून घेतात का, तेवढंच लिहा.

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता शिवप्रियाचा मेसेज आला, एवढाच: ‘गोधडी न्यायला बा.’ बापालाच बोलावलं, म्हणजे हणमंतप्पा तक्रार करणार. मी गपचूप जाऊन बाला सांगितलं. आणि आत्ता आठवलं, मी तुमच्या दारात आलो की तुम्ही ‘बा, बा’ म्हणायचा आणि मी आत यायचो. काकू, ‘बा’ म्हणजे ‘ये’ ना? उत्तर रणधीरच्या फोनवरून द्या, स्पीकरवर दिलं तरी चालेल, गल्ली ऐकू दे. पण लवकर द्या. आमचे बा टोपी घालून गाडीवर मागं बसलेत, आणि चल म्हणतायत.