निवळ्या

१ मे, बुधवार
बाबा — माझे सासरे — जेवता जेवता म्हणाले, "तल्यान निवल्या नाय दिसत." मी भात आणायच्या निमित्ताने उठले!
ठाकुर्लीच्या आमच्या गावतळ्यावर पाय पसरून पळणारे किडे, त्या निवळ्या. घरची रीत आहे. पोर पाच वर्षांचं झालं की घोटभर पाण्यासोबत जिवंत निवळी गिळायची, मग पाणी त्याला बुडवत नाही. माझ्या लेकीसाठी, सान्वीसाठी, रविवार ठरलाय.
माझ्या नवऱ्याने, मितेशनेही लहानपणी गिळलेली. मग तीन वर्षांपूर्वी तो खाडीत बुडाला कसा? बाबांना विचारायची हिंमत नाही.

२ मे
खरं लिहिते. जत्रेआधी तळ्याच्या पायऱ्या मीच घासल्या. लिक्विड साबणाचा पाच लिटरचा अख्खा कॅन ओतला! शेवाळ निघालं, बायकांनी वाहवा केली. फेस पाण्यावर पसरला तसे निवळ्यांचे पाय खाली जायला लागले. धडपडल्या बिचाऱ्या. उभ्या उभ्या बुडाल्या. मी खराटा धरून बघत राहिले.
आता भांडी घासताना बेसिनमध्ये बघवत नाही.

३ मे
बादलीत साबणाचा फेस दिसला आणि मी सान्वीला आंघोळीतून खेचून बाहेर काढलं. रडली पोर. मला वेड लागलंय!

४ मे
माजिवड्याला माहेरी गेलेले. बहीण जया हसली — "किडे न्यायला आलीस? आंबे ने की गं!" मागच्या डबक्यात पाच मिळाल्या. देवाधर्माचं काम, म्हणून स्टीलचा डबा सकाळी चकाचक घासून नेलेला. घरी येऊन झाकण उघडलं. पाचही पाण्याच्या तळाशी, मेलेल्या! डब्याच्या कडेला साबणाचा पांढरा डाग. घाईत नीट विसळलाच नव्हता.

५ मे, रविवार
मेलेलीच दिली. कुणाला सांगू? सान्वीने डोळे घट्ट मिटून गिळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
"आई, आता मी कधीच बुडणार नाही ना?"
"नाही गं राणी."
माझी जीभ कशी झडली नाही! बाबा तेवढे डब्यात वाकून बघत होते.

६ मे
चहा देताना बाबांनी हळूच विचारलं, "मेलेली व्हती ना?" मी मान डोलावली.
"मितेशला पन मी मेलेलीच दिलती. त्या साली पायऱ्या मीच धुतलेल्या. धुन्याच्या पावडरीनं."