गोळी कोणासाठी हवी?

मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

आपल्यातील अबोल्याचे कारण उकरून काढण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. वडिलांकडून आपणां दोघांनाही उच्च रक्तदाब मिळाला आहे आणि दोन शिंका आल्या की तू परस्पर गोळी आणतोस, म्हणून लिहितो. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवतात. डॉक्टरांना विचारल्याविना त्या घेऊ नकोस.

हे ज्ञान मला वाचनातून झालेले नाही. गेल्या आठवड्यात नाक चोंदले, म्हणून औषधांच्या दुकानात गेलो.

“गोळी कोणासाठी हवी, आजोबा?” तेथील मुलीने विचारले.

“आमच्या मंडळींसाठी.”

“आजींना बीपी आहे?”

“तिला नाही. आमच्या घरी तो मान माझा.”

मुलगी हसली. “मग तुम्ही यातली खाऊ नका हं.”

मी मुद्दाम खोटे बोललो, असे समजू नकोस. सर्दीची गोळी मी जन्मभर तुझ्या वहिनीसाठीच आणत आलो. मला ती नुसती वाफ घ्यायला लावी. उत्तर सवयीने तोंडातून गेले. ते दुरुस्त करायचे, तर एक वाक्य मोठ्याने उच्चारावे लागले असते. घरी येऊन गोळी घेतली. रात्र जाईना, म्हणून आणखी एक घेतली.

सकाळी कानांत ठोके पडू लागले, डोके फुटू पाहत होते. शेजाऱ्याने दवाखान्यात नेले.

“घरी कोणाला कळवू, बाबा?” परिचारिकेने विचारले.

मी म्हणालो, “धाकट्या भावाला.”

“नंबर सांगा.”

“नंबर नाही. पत्ता तोंडपाठ आहे.”

“पत्त्यावर फोन लागत नाही हो, बाबा.”

रक्तदाब आता उतरला आहे. काळजी नसावी.

तुझी वहिनी फेब्रुवारीत गेली. झोपेतच गेली. तुला कळवले असते, तर तू सारे विसरून धावत आला असतास आणि तुला दारात पाहून मी कोसळलो असतो. त्यापेक्षा न कळवणे मला सोपे वाटले.

आमच्या प्रत्येक पत्राखाली चार ओळी तिच्या असत. त्यांच्यासाठी मी जागा सोडत असे. आजही सवयीने सोडली आहे. तेथे तुझा फोन नंबर लिहून हा कागद परत पाठव. स्वतः आणून दिलास, तरी चालेल.

आशीर्वाद, आता एकट्याचेच.

दादा