पाचवी गाडी

सोम., ३ फेब्रु.
फेरीवाल्यांची फाइल आजपासून माझ्याकडे. महापालिकेच्या समितीच्या पुढच्या बैठकीत दोन विषय: त्यांच्या परवान्याची फी दुप्पट करायची आणि अधिकाऱ्यांसाठी पाच नव्या गाड्या घ्यायच्या. लेखा विभागाचा अभिप्राय मी लिहायचा. आमचे वरिष्ठ बन्सल साहेब म्हणाले, "मॅडम, दो लाइन में निपटा दो. कोई आपत्ति नहीं." हो म्हटलं. सांगली सोडून आठ महिने झाले, इथे उत्तरेत अजून सगळ्यालाच हो म्हणतेय.

बुध., ५
थंडी हटत नाही. दुपारी सेक्टर ३४ ला गेले. दोन ओळी लिहायच्या तरी माणसं बघावीत म्हणून. कोचिंग क्लासेससमोर कमलेशजींची पराठ्यांची गाडी. पन्नाशीच्या, हात भराभर चालतात. फी वाढली तर? "दे देंगे जी. पहले भी दी है." मला चहा दिला. तुम्हीही घ्या ना, म्हटलं. हसल्या. "सुबह से पानी नहीं पिया. पिऊँ तो जाऊँ कहाँ?"

जवळच्या शौचालयाला कुलूप. म्हणे कित्येक महिने. शेजारी मोजे विकणाऱ्या बाईंना दोनदा मूतखडा झाला. त्या रस्त्यावर अकरा बायका, सगळ्या दिवसभर तशाच कोरड्या. आपण परवाना देतो, उभं राहायला चौकोन आखून देतो, फी घेतो. आणि...

शुक्र., ७
'निकामी' म्हणून बदलायच्या पाच गाड्यांची लॉगबुकं मागवली. त्यातली एक गेल्याच आठवड्यात अंबाल्याला जाऊन आलीय. निकामी! म्हणजे पाचवी गाडी नकोच. त्याऐवजी बायकांसाठी फिरत्या शौचालयाची गाडी घेता येईल. दोन ओळींची चार पानं झाली.

रात्री जेवताना सुधीरला वाचून दाखवलं. नवरा असला तरी प्रयोगशाळेतला माणूस, दोनदा वाचायला लावलं. "बरोबर आहे," म्हणाला. "पण तुझा गोपनीय अहवाल बन्सलच लिहितात ना?" ते काय मला ठाऊक नाही?

सोम., १०
फाइल परत. शौचालयाच्या परिच्छेदावर आडवी रेघ. "ये आपका सब्जेक्ट नहीं है." आवाज चढवला नाही. माणूस वाईट नाही, निवृत्तीला वर्ष उरलंय, कटकट नकोय. मी म्हटलं, सर, फी घेतोय तर बदल्यात काय देतोय, हे लेखा विभागानंच विचारायचं ना? त्यांनी परिच्छेद पुन्हा वाचला. मग, "ठीक है, रहने दो. पर दस्तखत सिर्फ आपके."

केली. सहीत नाव पूर्ण लिहिलं.

गुरु., १३
बैठक. एक सदस्य म्हणाले, शहर सुंदर ठेवायचं तर फी हवीच. माना डोलल्या. मग गाड्या. रंग पांढरा की करडा, यावर वीस मिनिटं! मी भिंतीकडच्या खुर्चीत. वाटलं, संपलं.

तेवढ्यात मनजीत मॅडम. निवडून आलेल्या, पण आजवर बैठकीत अवाक्षर नाही. "चौथा पन्ना किसने पढ़ा है?" कुणीच नाही. त्यांनी मोठ्यानं वाचला, सगळा. मग पंजाबीत, "अंबाले जाण वाली गड्डी खराब किवें होई?" अंबाल्याला जाते ती गाडी निकामी कशी! हशा. अध्यक्ष हसले नाहीत. मला उभं केलं. "आपने खुद देखा है?"

"जी सर. ताला देखा. और ग्यारह औरतें." एवढंच बोलता आलं. तयारी केलेलं बाकी सगळं राहिलंच.

मनजीत मॅडमनी ठराव मांडला: पाचव्या गाडीऐवजी शौचालयाची गाडी, आणि ती येईपर्यंत फीवाढ नाही. मतं चार-चार. आता अध्यक्षांचं मत निर्णायक, ते त्यांनी राखून ठेवलं. "शनिवार को वहाँ जाकर देखूँगा, तब बताऊँगा."

बाहेर पडताना बन्सल साहेब हळूच, "पैरा अच्छा लिखा था." आणि झटकन लिफ्टमध्ये.

शुक्र., १४
कमलेशजींना सांगायला गेले. घाबरल्या. "इतने बड़े अफसर को हम क्या बोलें?" मला सांगितलंत तेच सांगा. बाकीच्या बायकाही जमल्या. असलं कोण बोलणार परक्या पुरुषासमोर? शेवटी मोजेवाल्या बाई उठल्या. "मैं बोलूँगी. पथरी तो मेरी निकली है."

शनि., १५, सकाळ
ऊन पडलंय. अकराला अध्यक्ष येणार. मी साडेदहालाच जाऊन थांबते.

आमची लेक ईरा आठवीत आहे, मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर. आज आपणहून, "मम्मा, मैं भी चलूँ?" चल म्हटलं.

"वो अंकल मान जाएँगे?"

माहीत नाही गं.

"तो फिर आप इतना तैयार क्यों हुई हो?"

खरंच की. ठेवणीतली इरकल नेसलेय. केव्हा काढली, लक्षातही आलं नाही. खाली सुधीरनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला. निघते.