अँगसची तीन पत्रे

मी लॅक्लन मॅक्रे, वय एकाहत्तर, धंदा दुकानदारी व टपाल, पूर्वी दोनदा हॅलिफॅक्सच्या कायदेमंडळाचा सभासद, राहणार स्ट्रॅनमोर, केप ब्रेटन. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, छाती नाही. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर डॉक्टर हल्ली काहीच बोलत नाहीत म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

पहिले. दुकान, घर आणि दोन्ही घोडे माझी पुतणी मोरॅग हिला. पंधरा वर्षे तिने दुकानही सांभाळले आणि माझा तिरसटपणाही.

दुसरे. चर्चमधले माझे बाक कोणालाही द्यावे, हेक्टर मॅक्लीनला देऊ नये. चौतीस वर्षे तो माझ्या मानेमागे नाक शिंकरत आला आहे.

तिसरे. सहाशे डॉलर कोळी अँगस मॅकफी राहतो त्या खाडीवर धक्का बांधण्यासाठी. सरकारी धक्का तिथेच बांधीन असा शब्द मी त्याच्या बोटीत बसून दिला होता. निवडून आल्यावर बांधला माझ्या दुकानासमोर. पुढल्या निवडणुकीत अँगस मत द्यायला मंचावर चढला. तेव्हा मतदानाला चिठ्ठ्या नव्हत्या, सर्वांदेखत मोठ्याने नाव घ्यावे लागे. तो म्हणाला, "लॅक्लन, धक्का तुझ्या दारात, मत दुसऱ्याच्या!" सगळे हसले. मी जिंकलो, पण ते हसणे कानातून गेले नाही.

चौथे. गल्ल्यामागच्या पेटीत तीन पत्रे आहेत, मोहोर न फोडलेली. ती अँगसची आहेत. बॉस्टनला गेलेल्या त्याच्या मुलाने, रॉरीने पाठवलेली. अँगसला वाचता येत नाही. पूर्वी त्याची पत्रे मीच वाचून दाखवी, उत्तरेही मीच लिही. त्या मतानंतर त्याने दुकानाची पायरी सोडली. मला वाटले, पत्रासाठी तरी येईल, मान खाली घालून. तो आला नाही. एकदा त्याची बायको केटी आली. "रॉरीचं काही आलंय का हो?" मी म्हणालो, "नाही गं, केटी." पुढल्या वसंतात ती वारली. मला लाज वाटते. माझ्यामागे ही पत्रे त्याला पोचवावीत.

साक्षीदार: रेव्हरंड मर्डो गिलिस, नील मॅकॅस्किल, सुतार.
सही: लॅक्लन मॅक्रे. स्ट्रॅनमोर, ३ फेब्रुवारी १८८१.

पुरवणी, ९ फेब्रुवारी १८८१.

चौथे कलम रद्द समजावे. याची नक्कल करताना मोरॅगने विचारले, "काका, तुम्ही गेल्यावर त्यांना वाचून कोण दाखवणार?"  काल बर्फावरची घसरगाडी जुंपून पत्रे घेऊन अँगसकडे गेलो.

अँगसने दार उघडले. शिव्या दिल्या नाहीत, बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच वाचले. पहिल्या पत्रात रॉरीला काम मिळाले होते. दुसऱ्यात तो आईची तब्येत विचारत होता. तिसऱ्यात होते, "बाबा, दोन पत्रांना उत्तर नाही. मी घरी आलेलं तुम्हाला नको असेल, तर याचंही उत्तर पाठवू नका."

त्यानंतर पत्र आलेले नाही.

अँगसने चुलीत एक लाकूड सारले. मग म्हणाला, "परत वाच. मत देताना मी बोललो होतो ना, तेवढ्या मोठ्यानं."

मी वाचले.

साक्षीदार: वरीलप्रमाणेच.
सही: लॅक्लन मॅक्रे.