शिक्का मारलेले झाड

शनिवार, २२ मार्च

सगळी मुले परत आली! कुणी हरवले नाही, कुणाला काही चावले नाही. मला सोडून — लाल मुंग्या, मानेवर.

आजच्या जंगलशाळेची कल्पना माझी होती: ‘माझे झाड’. पहिली-दुसरीतल्या प्रत्येकाने एक झाड निवडायचे आणि वर्षभर त्याच्याकडे बघायचे. पुठ्ठ्याच्या पाट्या मी रात्रीच लिहिल्या होत्या. ‘हे माझे झाड आहे’, खाली मुलाचे नाव. बारावी अर्धवट सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घाची काळजी सुटली नाही. तरी पाट्या पोरकट दिसत होत्या, म्हणून शाळेच्या गायत्री मॅडमना विचारून प्रत्येकीवर शाळेचा शिक्का मारला. खिळे नाहीत — सुतळी. झाडाला दुखू नये.

मी छोटी रोपे दाखवत होतो. मुले मात्र मोहाच्या झाडांकडे पळाली. पहिलीतल्या रुपाने सर्वांत मोठा मोह धरला. मिठीत अर्धाही मावेना.

रविवार, २३ मार्च

घोटाळा झाला.

उजाडताच गावातले गुलाबसिंगकाका दारात. त्यांच्या मोहाखाली रुपा आणि तिची आजी नानीबाई टोपली घेऊन फुले वेचत होत्या. काकांनी हटकले, तर नानीबाईंनी वर बोट दाखवले. पाटी!

इथे जंगलातल्या प्रत्येक मोहाला घर असते. कुणाचा कोणता, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेले. मला कुणी सांगितले नाही. पण कळायला हवे होते — आमच्या गावी, कोरीटला, बांधावरच्या एका बाभळीवरून दोन सख्खे भाऊ बोलत नाहीत.

सोमवार, २४ मार्च

गाव शाळेत जमले. झिपरूचा मोह करमसिंगच्या मुलीला गेला आणि करमसिंगचा झिपरूच्या मुलाला. दोघेही फक्त गेलेल्या झाडाबद्दल बोलत होते.

हा नुसता अभ्यास आहे, असे मी समजावले. गुलाबसिंगकाकांनी पाटी उलटसुलट करून पाहिली.

“मग शिक्का कशाला?”

शिक्क्याच्या एका कागदासाठी ही माणसे वर्षानुवर्षे नंदुरबारला चकरा मारतात. मी एका सकाळी सगळे जंगल वाटून टाकले.

ठरले ते असे: पाट्या उतरवायच्या. मुले पुन्हा जंगलात पाठवायची की नाही, ते गाव शनिवारी ठरवणार. गायत्री मॅडम जाताना हळूच म्हणाल्या, जंगलशाळा बंद झाली तर तुमचे कामही राहणार नाही, पवन.

मंगळवार, २५ मार्च

पाट्या उतरवल्या. रुपाची सोडून. ती पाटी गळ्यात घालूनच वर्गात बसली होती. मागितली, तर तिने दोन्ही हात पाटीवर घट्ट धरले.

मॅडमनी सांगितले — नानीबाईंचा स्वतःचा मोह गेल्या वादळात पडला. रुपाचे आईवडील गुजरातेत ऊसतोडीला. मी पाटी पुन्हा मागितली नाही.

गुरुवार, २७ मार्च

आईचा फोन. “मिरचीना हंगाम शे, घर ये. तू तठे झाडे वाटी ऱ्हायना म्हने?” कोरीटपर्यंत पोचले!

शनिवार, २९ मार्च

सातपासून शाळेच्या फाटकात उभा. मुले धरून चालतात ती दोरी माझ्या हातात. दुसरे टोक मातीत. बॅग मनातल्या मनात भरून झाली.

मग गुलाबसिंगकाका आले. मागे सगळी मुले, रुपा सर्वांत पुढे! काकांनी विचारले, कोरी पाटी उरली आहे का. एक होती.

“रुपाचं नाव लिही. ओढ्याकाठचा वाकडा महू, तो हिचा. मोठा नाही. समजलं?”

समजले म्हणालो. रुपाने गळ्यातली पाटी काढून काकांना दिली. मी कोऱ्या पाटीवर तिचे नाव सरळ अक्षरात लिहिले.

काकांनी नवी पाटी बराच वेळ न्याहाळली. मग मला परत दिली.

“शिक्का?”