घंगाळातला समुद्र

३ डिसेंबर २००१, सोमवार

मीटिंग जिंकलो. संस्थेचे सेक्रेटरी शेखरराव थेटे यांनी तळमजल्यावरचा हॉल मला दिला. 'सागर विज्ञान केंद्र'. बाहेरच्या शाळांच्या सहली येणार आणि पोरं समुद्रातले जिवंत प्राणी हाताने उचलून बघणार. हँड्स-ऑन. आपल्याकडच्या पोरांनी समुद्र फक्त नकाशात निळा रंगवलाय.

परवा लागलेला तो कॉम्प्युटरवाला ललित सर हाच हॉल मागत होता. म्हणाला, विधाते सर, नाशिकमध्ये समुद्र कुठून आणणार? स्टाफरूम हसली. मी रागावलो नाही. फाईल जरा जोरात ठेवली, एवढंच.

अट अशी की २५ जानेवारीला थेटेसाहेब स्वतः येऊन एक वर्ग बघणार. पसंत पडला तर हॉल कायमचा, मी केंद्रप्रमुख, नववीचे तास बंद. नाही पडला तर कॉम्प्युटर. पडणारच नाही असं होणार नाही. माझं एम.एस्सी. समुद्री प्राण्यांवर आहे हे या शाळेत कोणाच्या गावीही नाही. आयुष्यभर नववीला 'धातू आणि अधातू' शिकवत बसलो.

संकल्प: केंद्र सुरू आहे तोवर चिडायचं नाही. डॉक्टरांनीही बीपीसाठी तेच सांगितलंय.

८ डिसेंबर, शनिवार

शिपाई फकिराला घेऊन टेम्पोने डहाणूला जाऊन आलो. कॅनमध्ये समुद्राचं पाणी. पिशव्यांमध्ये तारामासे, शंखात राहणारे खेकडे, दोन सी-ॲनिमोन, म्हणजे खडकाला चिकटून फुलासारखे उमलणारे प्राणी. ओहोटीला खडकांवर उभा होतो तेव्हा कॉलेजमधला मी आठवलो. गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली, नाकात तो वास. डोळ्यांत पाणी आलं. फकिराला सांगितलं, वारा आहे.

येताना घाटात फकिरा टेम्पो लागून बेजार. मी म्हटलं, माणसाने विज्ञानासाठी थोडं सोसावं. तो म्हणाला, सर, इज्ञानाचं मला काय नाय, पर टेम्पो लय उडतोय. असला स्टाफ आहे.

९ डिसेंबर, रविवार

काचेची टाकी नको. पोरांचे हात पोचत नाहीत. उथळ, पसरट काहीतरी हवं. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढलं. सिंधूच्या माहेरचं, येवल्याहून लग्नात आलेलं. इतकी वर्षं धूळ खात पडलं होतं.

सिंधू म्हणाली, अहो, गुलाबी प्लॅस्टिकचा टब आहे ना, तो न्या. प्लॅस्टिक! केमिकल! तांबं शुद्ध असतं. मी रोज सकाळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी उगाच पितो का? शिवाय खेकड्याच्या रक्तातच तांबं असतं, म्हणून तर ते निळसर दिसतं. म्हणजे खेकड्याला घंगाळ हे टॉनिकच. ती पुढे मिठाचं काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, समुद्रात मीठ नसणार तर काय साखर असणार?

टब नेलाच शेवटी. टेबलाखाली, अर्धा बाहेर ठेवून, राखीव पाणी साठवायला. तिचंही मन राखलं. फकिराने वर अर्धं गोणपाट टाकलं.

१४ डिसेंबर, शुक्रवार

उद्घाटनाचा वर्ग. देवळ्याची एक शाळा आली. चाळीस पोरं, एक बाई, एकही शिस्त नाही.

मी तारामासा हातावर घेऊन म्हटलं, याला डोकं नसतं. एकाने विचारलं, मग हा नापास कसा होत नाही? सगळे हसले, बाईही. दुसरा म्हणे, सर, याची भाजी करतात का? मी शांतपणे सांगितलं की विज्ञानाच्या वर्गात जेवणाचा विषय काढणाऱ्याला बाहेर उभं करण्यात येईल. तिघांना केलं.

सगळ्यात संताप घंगाळाच्या काठाचा. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलंय: 'चि. सौ. कां. सिंधू हिस वडिलांकडून सप्रेम भेट'. पोरं प्राणी सोडून ते मोठ्याने वाचत होती. जाताना एका पोरीने विचारलं, सर, सिंधू यातला कुठला? वर्गाचं वाटोळं.

तारामासे जरा मलूल वाटले. प्रवासाचा शीण असणार.

१७ डिसेंबर, सोमवार

सगळे तारामासे मेले. ॲनिमोन गोळा होऊन बसलेत. कारण शोधलं: पोरांच्या हाताला साबण होता. हात धुऊन या असं त्यांना कोणी सांगितलं? फकिराने. साबण म्हणजे समुद्री जीवांचा काळ. फकिराला असा झापला की वरच्या वर्गात ऐकू गेलं. ललित सर जिन्यात उभा राहून ऐकत होता. ऐक म्हणावं.

हे चिडणं नव्हतं. हे प्रशिक्षण होतं.

नवीन नियम: कोणीही हात धुवायचे नाहीत. फकिराने घंगाळाला हातच लावायचा नाही.

२३ डिसेंबर, रविवार

धाकट्या बहिणीकडे, मनीषाकडे, बारशाला गेलो होतो. जेवण छान चाललं होतं. मठ्ठा वाढला, आणि एक घोट घेतला तर कळकलेला. उठून सरळ स्वयंपाकघरात गेलो. मठ्ठा पितळेच्या पातेल्यात, आणि पातेल्याची कल्हई केव्हाच उडालेली!

मग मात्र राहवेना. आचारी, मनीषा, तिचे सासरे, सगळ्यांना उभं करून सांगितलं. अहो, तांब्या-पितळेत आंबट-खारट ठेवतं का कोणी? धातूवर क्रिया होते, विषारी क्षार तयार होतात. नववीच्या पोराला कळतं ते तुम्हाला कळत नाही? पाहुण्यांना मारायचंय का? बाळ रडायला लागलं. मठ्ठा ओतून द्यायला लावला तेव्हाच पानावर बसलो.

परतीच्या एसटीत सिंधू सबंध रस्ता माझ्याकडे एकटक बघत होती. अभिमानाने असावं. शेवटी म्हणाली, तुम्हाला सगळं कळतं. मी म्हटलं, अनुभव.

३० डिसेंबर, रविवार

पुन्हा डहाणू. स्वखर्चाने. नवे तारामासे, नवे खेकडे. फकिरा यायला तयार नव्हता, आणला.

२ जानेवारी २००२, बुधवार

नव्या वर्षाचा संकल्प: चिडणं पूर्ण बंद.

सकाळी खेकडे मोजले. एक कमी. सगळ्यात मोठा, लाल नांगीचा, ज्याला मी मनातल्या मनात 'सर' म्हणायचो. मेलेला असता तर सापडला असता. हॉलची किल्ली दोघांकडेच, मी आणि फकिरा. मी विचारलं, फकिरा, खाल्लास ना?

त्याने गळ्यातली माळ बाहेर काढून दाखवली. म्हणाला, सर, मी माळकरी हाय. मी अंडं खात नाय. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. स्टाफरूमसमोर म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. तो घंटा द्यायला गेला. घंटा दोन मिनिटं उशिरा झाली. त्याबद्दलही लेखी विचारणार आहे.

११ जानेवारी, शुक्रवार

येवल्याची शाळा येऊन गेली. निम्मे प्राणी निपचित. मी सांगितलं, हे विश्रांती घेतायत, निसर्गात असंच असतं. एका पोराने बोटाने ढकलून पाहिलं आणि म्हणाला, सर, विश्रांती झाली यांची. बाहेर उभा केला.

एक गोष्ट मात्र सुखावून गेली. पाण्याला आता हिरवट-निळी झाक यायला लागलीय. वर्गात दाखवलं: बघा, हळूहळू खऱ्या समुद्रासारखं होतंय. निसर्गाला वेळ द्यावा लागतो, हे त्या ललितला कोण सांगणार? त्याच्या यंत्राचा पडदा तर पहिल्या दिवसापासून निळा.

फकिरा बोलत नाही. काम करतो, बोलत नाही. पूर्वी चहा आणून द्यायचा तेव्हा बशी झाकून आणायचा, आता नुसता आणतो. म्हणजे अपराधी भावना आहेच.

२० जानेवारी, रविवार

डहाणू, तिसऱ्यांदा. शेवटची खेप म्हणून भरपूर आणलं. सिंधूने विचारलं, आणि हे मेले तर? मी म्हटलं, तुझ्या तोंडात नेहमी अशुभच येतं. ती म्हणाली, मी घंगाळाबद्दल— मी रेडिओ मोठा केला.

२४ जानेवारी, गुरुवार

उद्या वर्ग. पाच तारामाशांपैकी दोन हलतायत. खेकडे शंखाबाहेर येत नाहीत. लाईट वारंवार जातेय, हवेचा पंप बंद पडतो. लाईटवाल्यांच्या ऑफिसात फोन केला आणि चांगलं अर्धा तास सुनावलं. पलीकडचा माणूस म्हणाला, साहेब, हे दूध डेअरीचं ऑफिस आहे. मग आधी का नाही सांगितलं?

खरं सांगायचं तर ही एकच गोष्ट मला येते. बाकी मला काहीच नीट येत नाही, माणसं तर नाहीच. उद्या हे गेलं तर जूनपासून पुन्हा तोच फळा, तेच धातू, तेच अधातू.

नाही. जाणार नाही. उद्या मी फक्त हसणार आहे.

२५ जानेवारी, शुक्रवार

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

दिंडोरीची शाळा आली. सगळी द्राक्षवाल्यांची पोरं. थेटेसाहेब खुर्ची टाकून समोर, बाजूला ललित हाताची घडी घालून. मी तारामासा उचलला. तो हातात कापडासारखा लोंबला. खेकड्याचा शंख उचलला, तर खेकडा आपोआप बाहेर पडला आणि पडलेलाच राहिला. एक पोरगी म्हणाली, सर, वास येतोय.

मी हसत होतो. शपथेवर सांगतो, हसत होतो. पण पोरं नाक दाबून एकमेकांना ढकलायला लागली, साहेब घड्याळ बघायला लागले, आणि माझा तोल गेला. ओरडलो. म्हटलं, तुम्हाला समुद्र कळायची लायकी नाही. आधी घरातलं सायन्स तरी येतं का बघू. सांगा, तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक का ठेवत नाहीत? शास्त्रीय कारण द्या.

मला वाटलं होतं, गप्प बसतील.

सगळे एका सुरात म्हणाले, कळकतं सर. मी म्हटलं, कळकतं म्हणजे काय होतं? तीच वासवाली पोरगी, रूपाली नाव, म्हणाली, सर, धातूचं विष उतरतं. मी म्हटलं, शाबास. फक्त ताकानेच उतरतं का? ती म्हणाली, नाय सर, मीठ असलेल्या कशानंपण.

शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण ती माझ्याकडे बघत नव्हती. घंगाळाकडे बघत होती. मग शेजारची बघायला लागली. मग त्यांच्या बाई. मग सगळा वर्ग हिरव्या पाण्याकडे बघत उभा. मागून एक पोरगा हळूच म्हणाला, मग सरांनी समुद्र कशात ठेवलाय?

थेटेसाहेब उठले, वाकून काठावरचं नाव वाचलं. म्हणाले, वहिनींचं दिसतंय. चांगलं आहे, जड आहे. आणि ललितला विचारलं, एकूण किती पॉइंट लागतील हो वायरिंगचे?

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदन. घंगाळ रिक्षातून घरी आणलं. सिंधू चिंच आणि मीठ घेऊन अंगणात घासायला बसली. मिठाने तांबं झरझर निघत होतं. मी दारात उभा राहून बघत होतो. म्हटलं, तू पहिल्या दिवशी हेच सांगत होतीस ना? ती म्हणाली, जाऊ द्या, जरा पाणी ओता.

२८ जानेवारी, सोमवार

हॉल रिकामा करून द्यायचा होता. मी आणि फकिरा. दोघं सामान काढत होतो. टेबल सरकवलं. खालच्या गुलाबी टबावरचं गोणपाट फकिराने उचललं आणि तो तसाच वाकून राहिला.

मग म्हणाला, सर, मी खाल्लेला खेकडा घावला.

टबाच्या तळाशी, राखीव पाण्यात, लाल नांगीचा तो. जिवंत. माझा समुद्र सोडून, घंगाळाचा काठ चढून खाली उडी मारली होती पठ्ठ्याने, आणि प्लॅस्टिकमध्ये मजेत राहत होता. मला बघून शंख ओढत दुसऱ्या टोकाला गेला.

फकिराच्या हातातलं गोणपाट घेऊन बाजूला ठेवलं. म्हटलं, घे ना, हातात घेऊन बघ. तू कधी बघितलाच नाहीस.

तो मागे सरकला. म्हणाला, नको सर. उद्या मेला तर पुन्हा माझंच नाव येईल.

आणि घंटा द्यायला गेला. बरोबर वेळेवर दिली. टब मी एकट्याने उचलला, बराच जड होता. जूनपासून नववी अ आणि ब, दोन्ही माझ्याकडे.